चार नळ्या, चार नंबर: नवी मुंबईच्या लॅबमध्ये ऑटोफॅजी शिकायला येणाऱ्यांसाठी

नवी मुंबईतल्या एखाद्या लॅबमध्ये एमएस्सीच्या प्रोजेक्टला किंवा जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलो) म्हणून रुजू झालात आणि गाईड म्हणाले, "तू ऑटोफॅजीचं बघ", तर हे तुमच्यासाठी आहे. मी ठाण्याहून ट्रान्सहार्बरने ये-जा करत काही वर्षं हेच काम केलं. प्रोटोकॉल सगळीकडे मिळतात. लोक अडतात ते दोन जागी. चारऐवजी दोनच नळ्या लावल्या म्हणून सहा महिने वाया जातात, आणि अडचणीत कोणाला फोन करायचा हे आधी ठरलेलं नसतं म्हणून एखादी रात्र फार लांबते. माझ्या लॅबमध्ये या दोन गोष्टी एकाच आठवड्यात गळ्याशी आल्या होत्या, म्हणून दोन्ही इथे एकत्र लिहिते आहे.

आधी घंटागाडी समजून घ्या

पेशी आपला जुना माल, म्हणजे बिघडलेली प्रथिनं, निकामी मायटोकॉन्ड्रिया वगैरे, दुहेरी पडद्याच्या पिशवीत भरते. ही पिशवी म्हणजे ऑटोफॅगोसोम. ती लायसोसोमला, म्हणजे पेशीतल्या पचनाच्या आम्लधर्मी कप्प्याला, जाऊन मिळते, आतलं सगळं विरघळतं आणि सुटे भाग पुन्हा वापरात येतात. उपाशी पेशी हे जोरात करते. 'ऑटोफॅजी' हा शब्द क्रिस्टियन द ड्यूव्ह यांनी १९६३ मध्ये दिला, आणि यीस्टमध्ये त्याची यंत्रणा उलगडल्याबद्दल योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल मिळालं.

आता तुमच्या सोसायटीच्या गेटवर कचऱ्याच्या पिशव्यांचा ढीग दिसला, तर त्याचा अर्थ काय? दिवाळीची साफसफाई निघाली असेल, किंवा घंटागाडी आली नसेल. नुसता ढीग पाहून यातलं काहीच सांगता येत नाही. पेशीतही तेच. ऑटोफॅगोसोम वाढलेले दिसले म्हणजे ऑटोफॅजी वाढली असेल, किंवा लायसोसोमकडची वाट तुंबली असेल. पहिल्या वर्षाचे निम्मे प्रेझेंटेशन इथेच आपटतात, ब्लॉटवरच्या (प्रथिनं वजनानुसार वेगळी करून पाहायची चाचणी) बँडवर, म्हणजे पट्टीवर, बोट ठेवून: "मॅडम, बँड वाढला म्हणजे ऑटोफॅजी वाढली." नाही. इतकंच कळलं की ढीग वाढला.

उपाय असा की घंटागाडी आपणच दोन तास अडवून धरायची आणि तेवढ्या वेळात किती पिशव्या साचल्या ते मोजायचं. ओसुमींची युक्तीही मुळात हीच होती. प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स नसलेलं यीस्ट त्यांनी उपाशी ठेवलं. पिशव्या आत येत राहिल्या, पण विरघळेनात, आणि व्हॅक्युओलमध्ये (यीस्टचा लायसोसोमच म्हणा) साचलेल्या त्या साध्या मायक्रोस्कोपखालीही दिसल्या. या वाहत्या हिशोबाला लॅबमध्ये सगळे 'फ्लक्स' म्हणतात. हा एक शब्द पक्का झाला तर बाकीचं हातांना सवयीने येतं.

पहिला आठवडा: वहीचं आतलं पान

पहिल्या आठवड्यात पिपेटला हात लावायची घाई करू नका. लॅब नोटबुकच्या कव्हरच्या आतल्या बाजूला चार नंबर लिहा. फोनमध्ये असले तरी लिहा, कारण फोन लॉक असतो, बॅटरी संपते, आणि तुम्ही चक्कर येऊन पडलात तर वही दुसरं कोणी उघडणार असतं.

एक, लॅबमधला असा माणूस जो तुमच्या पेशी सांभाळू शकेल. दोन, लॅबबाहेरचा असा माणूस ज्याला तुमच्या ब्लॉटमध्ये काडीचा रस नाही. माझ्यासाठी ती मेसमध्ये शेजारी बसणारी फिजिओथेरपीची मुलगी होती. तीन, घरचं कोणी. चार, १४४१६. ही टेली-मानस, केंद्र सरकारची मोफत मानसिक आरोग्य हेल्पलाइन. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाली, चोवीस तास असते आणि मराठीत बोलता येतं. जिवाला धोका असेल तर थेट ११२.

त्याच आठवड्यात संस्थेचा समुपदेशक कुठे बसतो ते पाहून या. नुसतं पाहून या, काम असायला हवं असं नाही. गरज पडते तेव्हा जिने चढून दार शोधण्याची ताकद उरलेली नसते. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निर्देशांप्रमाणे शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक हवा. म्हणून "आमच्याकडे असलं काही नसतं" हे उत्तर ऐकून परत फिरू नका. तक्रार निवारण समिती आणि लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीची अंतर्गत समिती, दोन्हींमधल्या सदस्यांची नावं फलकावर असतात. फलकाचा फोटो काढून ठेवा.

पैशांचंही याच आठवड्यात बोला. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफची रक्कम दरमहा ३७,००० रुपये आहे. कागदावर. ती पहिल्यांदा हातात पडायला किती महिने लागतील हे सिनिअरला स्पष्ट विचारा, आणि पीजीच्या मालकाला तेवढ्याच स्पष्टपणे सांगा. नेरूळ-बेलापूर पट्ट्यात डिपॉझिटमध्येच खिसा रिकामा होतो. आमच्या लॅबमध्ये एक डबा होता, महिन्याला प्रत्येकी दोनशे रुपये. ज्याचं स्टायपेंड अडकलं त्याने घ्यायचे, मिळाल्यावर परत टाकायचे, कोणी हिशोब विचारायचा नाही. डब्यावर 'सिलिका जेल' लिहिलेलं होतं.

दुसरा-तिसरा आठवडा: पेशींची सवय

हीला किंवा एचईके, या लॅबमध्ये वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशींपैकी जे असेल ते घ्या, पण ट्रीटमेंटच्या दिवशी प्लेट साठ-सत्तर टक्केच भरलेली हवी. दाटीवाटीच्या पेशी मीडिया (त्यांचं पोषकद्रव्य) पिवळा करतात आणि आपोआप उपाशी पडतात. मग तुमचा 'भरपेट' कंट्रोल भरपेट राहतच नाही. मायकोप्लाझ्माची, म्हणजे पेशींमध्ये नकळत शिरणाऱ्या बारीक जिवाणूंची, टेस्ट लागलीच करून घ्या. सिनिअर म्हणेल, "आपल्याकडे नाहीये." तरीही करा.

बॅफिलोमायसिन ए१, लॅबच्या भाषेत 'बॅफ', हा तुमचा घंटागाडी अडवणारा. लायसोसोममध्ये आम्लता आणणारा पंप तो बंद करतो. महाग असतो आणि कुपी नखाएवढी. १०० मायक्रोग्रॅमची कुपी असेल तर साधारण १.६ मिली डीएमएसओ या द्रावकात विरघळवा, १०० मायक्रोमोलरचा स्टॉक होतो. लहान लहान भाग करून उजेडापासून दूर, उणे २० ला ठेवा. वापरताना हजारात एक, म्हणजे १०० नॅनोमोलर. सहा खणांच्या प्लेटमध्ये दोन मिली मीडियाला दोन मायक्रोलिटर. बॅफ परवडत नसेल तर क्लोरोक्विन चालतं, त्याचं प्रमाण मात्र मायक्रोमोलरमध्ये, आपल्या पेशींवर तपासून ठरवायचं.

चौथा आठवडा: चार नळ्या

हा प्रयोग सगळ्यात सावकाश वाचा.

प्लेटमधले चार खण, पुढे यांच्याच चार नळ्या होतात. पहिला, पूर्ण मीडिया आणि डीएमएसओ. दुसरा, पूर्ण मीडिया आणि बॅफ. तिसरा, उपाशी आणि डीएमएसओ. चौथा, उपाशी आणि बॅफ. उपाशी ठेवायला ईबीएसएस (अमिनो आम्लं नसलेलं क्षारांचं द्रावण) वापरा, आधी ३७ अंशाला कोमट करून. टाकण्यापूर्वी खण दोन-तीनदा धुवा. सीरम आणि अमिनो आम्लांचा तळाशी उरलेला थेंबसुद्धा उपवास मोडतो. उपवासाला साबुदाण्याची खिचडी चालते, इथे नाही. आणि हो, पूर्ण मीडियाचे खणही त्याच वेळी धुऊन त्यांना ताजा मीडिया द्या. नाहीतर फरक उपासाचा की धुण्याचा, हे सांगता येणार नाही. चारही खण एकाच वेळी, दोन तास.

दोन तास झाले की प्लेट थेट बर्फावर. थंड पीबीएसने (क्षारांचं द्रावण) धुवा, प्रोटिएज इन्हिबिटर (प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स रोखणारं) घातलेल्या बफरमध्ये लाईज करा, म्हणजे पेशी फोडा, चार अंशाला सेंट्रिफ्यूज करा, प्रथिन मोजा आणि सॅम्पल बफर घालून गरम करा. हे त्याच दिवशी उरका. आपण ज्याचा बँड मोजणार ते पिशवीच्या पडद्यावरचं प्रथिन, एलसी३, नाजूक असतं, वारंवार गोठवलं-वितळवलं तर बँड फिका पडत जातो.

जेल १५ टक्क्यांचं. तुम्हाला दोन बँड दिसतील, १४ ते १८ किलोडाल्टनच्या (प्रथिनाच्या वजनाचं एकक) दरम्यान. वरचा एलसी३-एक, खालचा एलसी३-दोन. दोनला लिपिड चिकटलेलं असल्यामुळे त्याचं खरं वजन जास्त असतं, तरी ते जेलमध्ये जास्त जोरात पळतं. पिशवीच्या पडद्यावर बसतं ते हेच. निळा डाय जेलबाहेर जाऊ देऊ नका, त्याच्यामागे एलसी३ही निघून जातं. माझे पहिले तीन ब्लॉट असेच बफरच्या टाकीत गेले. मी चहा प्यायला खाली गेले होते आणि कटिंगची टपरी लॅबपासून जरा लांब होती. जेलमधली प्रथिनं ज्यावर उतरवायची (ट्रान्सफर) तो पडदा पीव्हीडीएफचा, ०.२ मायक्रॉन छिद्रांचा. ०.४५ मधून लहान प्रथिनं आरपार जाऊ शकतात. मेथनॉलमध्ये बुडवायला विसरू नका.

ट्रान्सफर झाल्यावर पडदा तीस किलोडाल्टनच्या मार्करजवळ आडवा कापा. मग अँटिबॉडी (ठरावीक प्रथिनालाच चिकटणारं प्रथिन) लावून खालच्या तुकड्यावर एलसी३ शोधायचं, वरच्यावर पी६२ आणि ॲक्टिन. ॲक्टिन हे सगळ्या नळ्यांत सारखंच असायला हवं असं तुलनेचं प्रथिन. पी६२ हे पिशवीत माल भरणारं प्रथिन मालासोबत स्वतःही विरघळतं, म्हणून ऑटोफॅजी नीट चालू असेल तर ते कमी होताना दिसतं. नेहमीच नाही. त्याचं उत्पादनही वाढू शकतं, म्हणून एकट्या पी६२ वर निष्कर्ष काढू नका.

आता वाचायचं कसं? एलसी३-दोन आणि ॲक्टिनचं गुणोत्तर काढा. दोन आणि एकचं गुणोत्तर नको, कारण बहुतेक अँटिबॉडीज दोघांना सारख्याच ताकदीने पकडत नाहीत. मग बॅफसह वजा बॅफशिवाय. उपाशी पेशींमधली ही वजाबाकी भरपेट पेशींमधल्या वजाबाकीपेक्षा मोठी आली, तर फ्लक्स वाढला. पुढे एखादं औषध तपासाल तेव्हाही चारच नळ्या. औषधाने बँड वाढला आणि वर बॅफ दिल्यावर आणखी वाढलाच नाही, तर औषधानेच घंटागाडी अडवलेली असण्याची शक्यता मोठी. मात्र बॅफचं प्रमाण फार झालं असेल तरी असंच दिसतं, म्हणून ते आधी तपासा.

हे तीन वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या पॅसेजच्या (पेशी नव्या प्लेटमध्ये किती वेळा हलवल्या त्याचा नंबर) पेशींवर करा. एकाच लायसेटचे (फोडलेल्या पेशींचा अर्क) तीन ब्लॉट म्हणजे तीन प्रयोग नव्हेत.

पुढचे दोन महिने, थोडक्यात

मायक्रोस्कोपीकडे वळाल तेव्हा टँडेम एलसी३ मागा, एकाच प्रथिनावर लाल आणि हिरवा असे दोन दिवे असलेलं. पिशवी नुसतीच तयार असेल तर दोन्ही पेटतात आणि ठिपका पिवळा दिसतो. लायसोसोममध्ये गेली की आम्लात हिरवा विझतो, लाल उरतो. फिक्स करताना पीएच चढला तर विझलेला हिरवा पुन्हा उजळू शकतो, तिकडे लक्ष ठेवा. हे प्रथिन पेशीत बनवणारं प्लास्मिड (डीएनएचं वर्तुळ) भरमसाट टाकलं तर प्रथिनाच्या गुठळ्याच ठिपक्यांसारख्या दिसतात. मोजणाऱ्याला कुठली स्लाइड कशाची हे माहीत नसावं. आम्ही लेबलांवर कागद चिकटवून प्लेट शेजारच्या लॅबला द्यायचो आणि बदल्यात त्यांचे कॉमेट (डीएनएची मोडतोड दाखवणारे शेपटीवाले ठिपके) मोजायचो.

ॲक्रिडिन ऑरेंजने रंगवून 'ऑटोफॅजी दिसली' म्हणणारे जुने पेपर सापडतील. तो रंग आम्ल असलेल्या कुठल्याही कप्प्यात साचतो. ऑटोफॅजी रोखणारा ३-एमए नावाचा इन्हिबिटरही असाच फसवा, जास्त वेळ ठेवला तर उलटा परिणाम करतो. शक्य असेल तर एटीजी५ किंवा एटीजी७ ही ऑटोफॅजीला लागणारी जनुकं काढून टाकलेल्या पेशी कंट्रोल म्हणून वापरा. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी सुंदर असते, पण पहिल्या तीन महिन्यांत तिच्या नादी लागू नका.

थांबे लिहून ठेवा

प्रोटोकॉलच्या बाजूला दुसऱ्या रंगाने लिहा, कुठे थांबता येतं. ठाणे-वाशी लोकलमध्ये कसं, ऐरोलीला उतरता येतं, रबाळ्याला येतं, दोन स्टेशनांच्या मध्ये नाही. तसंच. उपास सुरू केला की लाईज होईपर्यंत गाडी थांबत नाही. सॅम्पल बफरमध्ये गरम केलेलं लायसेट उणे ८० ला ठेवता येतं. पडदा प्राथमिक अँटिबॉडीत चार अंशाला रात्रभर राहतो. फिक्स केलेल्या स्लाइड्स पीबीएसमध्ये फ्रिजमध्ये राहतात. आणि पेशी तर सीरममध्ये दहा टक्के डीएमएसओ घालून, हळूहळू उणे ८० ला नेऊन, मग द्रव नायट्रोजनमध्ये वर्षानुवर्षं राहतात.

हे कशासाठी? पावसाळ्यात रुळांवर पाणी येतं. वीज जाते. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकदम गेली होती. करोनामुळे लॅबमध्ये माणसं मोजकीच, आणि प्रत्येकाला वाटलं की उणे ८० चं दार उघडून एकदा पाहावं. तेवढंच करायचं नसतं. तेव्हापासून आमच्या फ्रीझरवर मोठ्या अक्षरात लिहिलंय, "उघडू नका, फोन करा", आणि खाली तीन नंबर.

थांबे माहीत असले की सगळ्यात मोठा फायदा असा, की माणसाला थांबवता येतं. "माझा प्रयोग चालू आहे, मी निघू शकत नाही", हे वाक्य लॅबमध्ये फार ऐकू येतं. उत्तर तयार हवं: पुढचा थांबा कुठला, आणि तिथपर्यंत कोण नेईल.

कोणाचं बिनसलंय असं वाटलं तर

एका वर्षी आमच्या लॅबमध्ये एक जण एकच ब्लॉट सात वेळा करत होती. कामात चोख, वेळेवर, चेहऱ्यावर काहीच नाही. एका रविवारी संध्याकाळी लॅबमध्ये आम्ही दोघीच होतो. तिने आपलं मल्टिचॅनेल पिपेट माझ्या बेंचवर आणून ठेवलं. महिनाभर कोणाला हात लावू न दिलेली वस्तू. "ठेव तुला," म्हणाली. मग फ्रीझिंगच्या कुप्या मागितल्या, सगळ्या पेशी गोठवून टाकायच्या म्हणून. मला वाटलं, शहाणी झाली, सुट्टी घेतेय. बेसिनवर हात धुताना मला तिने लेबलांच्या टेपवरची स्वतःचीच नावं नखाने खरवडून काढलेली दिसली, तेव्हा पोटात गोळा आला.

अशा वेळी काय करायचं, तेही क्रमाने सांगते, कारण त्या क्षणी सुचत नाही.

बसा. उभ्याने विचारू नका. सरळ विचारा, "जगणं नकोसं झालंय का? जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरतो, हा गैरसमज आहे. मी विचारलं तेव्हा ती बराच वेळ टेपचा बोळा वळत बसली, आणि मग हो म्हणाली.

उत्तर हो असेल तर एकटं सोडू नका, स्वच्छतागृहापर्यंतही नाही. लॅबमधून बाहेर या. रसायनांच्या कपाटाची किल्ली तुमच्या खिशात असू द्या. 'कोणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका. "कोणाला सांगायचं ते आपण दोघी ठरवू", एवढं म्हणा. १४४१६ लावा, फोन स्पीकरवर ठेवा, तुम्हीही ऐका. धोका आत्ताचा असेल तर ११२, किंवा रिक्षा करून जवळच्या रुग्णालयाचा कॅज्युअल्टी विभाग. पोलीस केसच्या भीतीने लोक दवाखान्यात नेत नाहीत. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं धरायचं आणि तिला शिक्षा करायची नाही.

उपदेश नको. "अगं, सगळ्यांचेच ब्लॉट बिघडतात" हेही नको. आणि 'ठाण्याला भरती करा' हा आपल्याकडचा जुनाट विनोद लॅबमधून हद्दपार करा. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे. लोक केसपेपर काढतात, डॉक्टरांशी बोलतात, औषधं घेऊन लोकलने घरी जातात. मी तिच्याबरोबर रांगेत बसले होते. पुढे एक आजोबा झोप येत नाही म्हणून आले होते आणि सगळ्यांना शेंगदाण्याची चिक्की वाटत होते.

दुसऱ्या दिवशी गाईडना सांगायचं असतं. काय सांगायचं ते तिने ठरवावं, आजाराचं नाव सांगायची गरज नाही. "तब्येतीमुळे पाच आठवडे रजा, काम असं असं वाटलंय", एवढं पुरे. गाईडच अडचणीचं मूळ असेल तर विभागप्रमुख किंवा पीएचडी समितीतलं दुसरं कोणी. तिच्या गाईडनी अर्ज वाचला, बराच वेळ खिडकीबाहेर पाहिलं आणि विचारलं, "बॅफची ऑर्डर मग कोण टाकणार?" मी टाकते म्हटलं. वाटणी एका कागदावर झाली: पेशी माझ्याकडे, उंदरांच्या नोंदी दुसऱ्याकडे, रात्रीचा फोन मेसमधल्या फिजिओथेरपीवालीकडे. सांभाळणाऱ्यालाही रात्री झोप हवी, म्हणून एकाच माणसावर सगळं टाकू नका. मी पहिले चार दिवस तसं केलं आणि पाचव्या दिवशी वाशीऐवजी पनवेलला जाऊन पोचले.

पाच आठवड्यांनी ती परत आली. पहिल्या दिवशी तिने एकच काम केलं, नायट्रोजनच्या टाकीतून स्वतःच्या पेशींची एक कुपी काढून ३७ अंशाच्या पाण्यात वितळवली. कुपीवर अक्षर माझं होतं. पॅसेज नंबर बावीस, मी बत्तीस लिहिला होता. तिने ग्लोव्ह काढला, मार्कर घेतला, आणि आधी तो खोडून नीट लिहिला.